शिकण्याचा खर्च कोणत्या खात्यावर?

बोदवडसारख्या बाजारपेठेच्या गावात कापूस, धान्य, किराणा आणि कापड यांच्या व्यापारावर कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. गल्ल्याशेजारी बसून मुलगा भाव ओळखावयास व रोजमेळ जुळवावयास शिकत असे. त्या शिक्षणास फी नव्हती. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, खतावणी संगणकावर गेली आणि गिऱ्हाईक मोबाईलवरून माल मागवू लागले. एक दुकान दोन भावांच्या संसारांना पुरेनासे झाले, की चाळिशीतील धाकट्या भावास दुसरे काही शिकावेसे वाटते. घरच्या सूनबाईंनाही शिवणकाम किंवा संगणकीय हिशेब शिकून घरास हातभार लावावयाचा असतो. अशा वेळी दोन प्रश्न पुढे येतात. पैसा कोण देणार? आणि देणारे हात असलेल्या घराने शासनाकडे मागावे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कर्नाटकात सापडते. १९८२ साली उजिरे येथे श्रीक्षेत्र धर्मस्थळाच्या शैक्षणिक न्यासाने सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या सहकार्याने ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू केली. तिचे प्रेरणास्थान असलेले धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे हे जैन घराण्यातील. थोडक्या दिवसांचे निवासी शिक्षण, राहणे-जेवणे विनामूल्य आणि शिक्षणानंतरही पाठपुरावा, ही तिची रीत. केंद्र शासनाने २००९ मध्ये हाच नमुना देशभर स्वीकारला व प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था असावी असे ठरविले. तीच आजची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. म्हणून अशा वर्गात बसण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मात्र मदतीचे प्रकार वेगळे असून त्यांची खतावणी वेगळी मांडली पाहिजे.

पहिला प्रकार विनामूल्य शिक्षणाचा. वरील संस्था हे त्याचे जवळचे उदाहरण. जळगाव जिल्ह्याची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया असून चौकशीस तेथून आरंभ करता येतो. या संस्थांत वयाची अट असते आणि बहुसंख्य जागा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी असतात. सुस्थितीतील घराने खोटा उत्पन्नाचा दाखला जोडून गरिबाची जागा घेणे हे आपल्या परिभाषेत अदत्तादानच होय.

दुसरा प्रकार विद्यावेतनाचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिकणाऱ्यास दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले आहे. परंतु ती स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्या १८ प्रकारच्या कारागिरांसाठी आहे. त्यांत शिंपी व सोनार येतात, दुकानदारी येत नाही. शिवाय एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो.

तिसरा प्रकार कर्जाचा. कौशल्य कर्ज योजना २०१५ मध्ये आली. त्या वेळी मर्यादा दीड लाख रुपयांची होती. २०२४ मध्ये ती साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. तारण लागत नाही, कारण शासनपुरस्कृत निधी हमी देतो. येथे अनेकांचा गैरसमज होतो. हमी बँकेच्या संरक्षणासाठी असते. कर्जदाराचे देणे तिने संपत नाही. व्याज द्यावेच लागते आणि हप्ता चुकला तर पुढील व्यापारी कर्जाच्या वेळी तो आडवा येतो.

२७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे अल्पसंख्याकांसाठीच्या वित्तीय महामंडळांची दारेही खुली झाली. तेथेही वय व उत्पन्नाच्या अटी असतात. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी कार्यालयातूनच समजून घ्याव्यात. नाव लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दुकानाची पायरीही चढू देऊ नये.

एवढे करूनही एक खर्च उरतो आणि तो कोणत्याच अर्जात लिहिलेला नसतो. समजा, वर्ग तीस दिवसांचा आहे आणि दुकानातील त्या भावाच्या श्रमाचे मोल दिवसाला ६०० रुपये धरले. शिक्षण विनामूल्य असूनही घरास १८,००० रुपयांची झळ बसते. जळगावास जाऊन राहिलेल्या सूनबाईंच्या मागे स्वयंपाक, मुलांची शाळा आणि सासूबाईंचे औषधपाणी कोणी पाहावयाचे, हाही त्याच खात्यातील प्रश्न. वर्ग अर्ध्यावर सुटतो तो बहुधा फीमुळे नव्हे, तर "आज दुकानात गर्दी आहे, निघून ये" अशा एका फोनमुळे.

म्हणून निर्णय एकट्याचा नसावा. वडील, भाऊ, जावा यांनी एकत्र बसून ठरवावे: किती दिवस, गल्ल्यावर कोण, घरात कोण आणि शिक्षणानंतर काम कोठे मिळणार. वर्गाचा खर्च शासन देऊ शकते. दिवस मात्र घरानेच मोकळे करून द्यावे लागतात. दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीवर कुंकू लागेल, त्या वेळी 'शिक्षण' नावाचे एक खाते मोठ्यांसाठीही उघडावे.