पन्नास डॉलरची कंपनी, शंभर कोटींची थकबाकी

एप्रिल 2016 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एक वसुली कंपनी नोंदवली गेली. नाव भारदस्त होतं: 'सेंट्रल ॲसेट रिकव्हरी प्रोफेशनल्स'. नोंदणीचा खर्च 50 डॉलर. कंपनीकडे सांगण्यासारखं काही होतं तर एक जेमतेम वेबसाइट. एवढ्या भांडवलावर तिच्याकडे एक सौदा चालून आला: टेक्सासमधल्या सुमारे 9,000 लोकांची दवाखान्यांची थकलेली बिलं, एकूण रक्कम जवळपास 1 कोटी 49 लाख डॉलर. विकणाऱ्यानं मागितलेली किंमत 60,000 डॉलरच्याही आत. तेव्हाच्या भावानं रुपयांत मांडायचं, तर साधारण 100 कोटींची उधारी 40 लाखांत.

कंपनीनं ती घेतली. कंपनीचा मालक होता जॉन ऑलिव्हर, एचबीओ वाहिनीवर दर रविवारी रात्री 'लास्ट वीक टुनाइट' हा राजकीय विनोदाचा कार्यक्रम करणारा चष्मेवाला इंग्रज.

100 कोटींची वस्तू 40 लाखांत कशी मिळते? इस्पितळाचं बिल पेशंटनं भरलं नाही, की इस्पितळ काही काळ मागे लागतं आणि मग ती थकबाकी नाममात्र भावात विकून मोकळं होतं. विकत घेणारा वसुली करतो, जमेल तेवढी झाली की उरलेली यादी पुढच्याला विकतो. मंडईत संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुडीसारखा भाव प्रत्येक हाताला उतरत जातो. ऑलिव्हरला तो डॉलरमागे अर्ध्या सेंटच्याही खाली मिळाला. पण पेशंटच्या नावावरचा आकडा मात्र तसूभर उतरत नाही. अर्ध्या सेंटला घेतलेल्या डॉलरसाठी त्याच्याकडे अख्खा डॉलर मागता येतो. म्हणजे शंभरातल्या दोघांनी जरी पैसे दिले तरी घेणाऱ्याचं भांडवल चौपट होऊन परत येतं.

त्यातही ऑलिव्हरनं घेतलेली थकबाकी मुदत उलटलेली होती. कायद्यानं तिच्यासाठी कुणाला कोर्टात खेचता येत नाही, पण फोन करून मागायला बंदी नाही. आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत थकबाकीदारानं घाबरून थोडीशी रक्कम जरी भरली, तरी मेलेली मुदत पुन्हा जिवंत होते. यादीत नुसते आकडे नसतात. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक, सगळं. 50 डॉलर भरून कालपरवा जन्मलेल्या कंपनीच्या हातात 9,000 माणसांची ही कुंडली आली, आणि आपण कोण, काय करणार, याची फारशी चौकशी कुणी केली नाही. ऑलिव्हरला दाखवायचं होतं ते हेच.

5 जून 2016 च्या भागात त्यानं एक मोठं लाल बटण दाबलं, छतातून नोटांचा पाऊस पडला आणि सगळी थकबाकी माफ झाली. यादी 'आरआयपी मेडिकल डेट' या संस्थेकडे गेली. ती संस्था काढणारे दोघं पूर्वी स्वतःच वसुलीच्या धंद्यात होते. कल्पना मुळात ऑलिव्हरची नव्हे. 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलनातून निघालेल्या गटानं 2012 मध्ये अशीच कर्जं विकत घेऊन फाडायला सुरुवात केली होती. ऑलिव्हरनं तिला बटण आणि नोटांचा पाऊस जोडला. 2004 मध्ये ओप्रा विन्फ्रीनं प्रेक्षकांना 276 मोटारी वाटल्या होत्या. टीव्हीच्या इतिहासातला दानाचा तो विक्रम आपण मोडला, अशी फुशारकीही त्यानं मारली. विक्रम 1 कोटी 49 लाखांचा आणि खर्च 60,000 चा, हाही विनोदच.

हा माणूस मूळचा बर्मिंगहॅमचा, जन्म 1977 चा, आईवडील लिव्हरपूलचे. केंब्रिजमध्ये शिकताना 'फूटलाइट्स' या नामांकित विनोदी मंडळात होता. पुढची काही वर्षं इंग्लंडमध्ये छोट्या रंगमंचांवर उमेदवारी केली. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या 'द डेली शो'त जॉन स्टुअर्टच्या हाताखाली 'ज्येष्ठ ब्रिटिश वार्ताहर' म्हणून रुजू झाला. 2013 च्या उन्हाळ्यात स्टुअर्ट सिनेमा दिग्दर्शित करायला गेला आणि आठ आठवडे ऑलिव्हरनं त्याची खुर्ची सांभाळली. इतकी चांगली, की 27 एप्रिल 2014 ला एचबीओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. 2016 पासून एमी पुरस्कारांची रांग लागली ती अजून तुटलेली नाही. दरम्यान डिस्नेच्या 2019 च्या 'लायन किंग'मध्ये झाझू पक्ष्याला आवाज दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

त्याची संपत्ती किती, याचे आकडे इंटरनेटवर ढिगानं आहेत. ते बाहेरून बांधलेले अंदाज असतात आणि एक साइट दुसरीचं उचलते. मला ते वाचण्यापेक्षा त्याच्या खर्चाची वही वाचायला जास्त आवडेल. कारण या कार्यक्रमात पैसा हे विनोदाचं साहित्य आहे. बाकीचे विनोदवीर 'हे किती बेकायदा वाटतं, पण कायदेशीर आहे' असं सांगतात. ऑलिव्हर ते विकत घेऊन दाखवतो.

2015 मध्ये त्यानं टीव्हीवरच्या धनाढ्य धर्मोपदेशकांवर भाग केला. 'पैशाचं बीज पेरा, देव भरभरून देईल' असं सांगणाऱ्या रॉबर्ट टिल्टन यांच्या संस्थेला त्यानं आधी 20 डॉलर पाठवले. मग पत्रामागून पत्र, प्रत्येकात नवी मागणी. सात महिन्यांत 26 पत्रं आली आणि 319 डॉलर गेले. मग त्यानं स्वतःचं चर्च स्थापन केलं, कारण चर्च म्हणजे काय याची अमेरिकी करखात्याची व्याख्या एवढी सैल आहे की तिच्यात जवळपास काहीही बसतं. नाव ठेवलं 'अवर लेडी ऑफ परपेच्युअल एक्झेम्प्शन', अर्थात अखंड करमाफीची माता. लोकांनी खरंच हजारो डॉलर पाठवले. काहींनी खरंखुरं बियाणंही पाठवलं! महिन्याभरात चर्च बंद झालं आणि जमा पैसा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला गेला.

असला खेळ वाटेल त्या वाहिनीवर चालला नसता. अमेरिकेत रात्री उशिराच्या गप्पांचे कार्यक्रम जाहिरातींवर जगतात आणि आता त्यांचीच दमछाक झाली आहे. जुलै 2025 मध्ये सीबीएसनं स्टीफन कोल्बेअरचा 'लेट शो' मे 2026 मध्ये बंद करणार असं जाहीर केलं. कारण दिलं निव्वळ आर्थिक. वर्षाला 4 कोटी डॉलरच्या आसपास तोटा असल्याच्या बातम्या आल्या, आणि कारण खरोखर तेवढंच का, यावर वादही पेटला. एचबीओचं गणित निराळं. तिथं जाहिराती नाहीत, पैसे प्रेक्षक वर्गणीतून देतात. त्यामुळे एकाच विषयावर वीस-वीस मिनिटं बोलता येतं, संशोधनाला पत्रकार ठेवता येतात आणि कुठल्याही कंपनीची सालटी काढता येतात. मुख्य भाग यूट्यूबवर फुकट टाकला जातो.

म्हणून वर मालकच नाही असं मात्र नव्हे. 2018 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं एचबीओची मूळ कंपनी विकत घेतली, तेव्हापासून तो मालकाला 'बिझनेस डॅडी' म्हणून चिडवत राहिला. ते त्याला परवडलं. भारतात तेवढंही जमलं नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रम्प अहमदाबादला यायच्या तोंडावर त्यानं नरेंद्र मोदींवर भाग केला आणि हॉटस्टारवर तो आलाच नाही. हॉटस्टार तेव्हा डिस्नेच्या मालकीचं. आधीच्या भागांतून डिस्नेवरचे विनोदही गुपचूप कापले गेले होते, हे त्यानं नंतर जाहीरपणे दाखवलं. झाझूचा आवाज डिस्नेला चालला होता. मुंबई-पुण्यातल्या प्रेक्षकांनी मोदींवरचा भाग अर्थात यूट्यूबवर पाहिला.

बोलण्याची किंमत कोर्टातही मोजावी लागते. जून 2017 मध्ये त्यानं कोळसा खाणींचे मालक रॉबर्ट मरे यांच्यावर टीका केली. मरे यांच्याकडून आधीच ताकीद आली होती, तरी केली. अब्रुनुकसानीचा खटला दाखल झाला. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयानं तो फेटाळला, अपील झालं, शेवटी 2019 मध्ये मरे यांनी माघार घेतली. जिंकलेल्या या खटल्याचा बचावाचा खर्च 2 लाख डॉलरहून जास्त झाला आणि विम्याचा हप्ता तिप्पट झाला, असं ऑलिव्हरनंच सांगितलं. एखाद्या छोट्या गावातल्या वर्तमानपत्राचं अशा खटल्यात काय होईल? असे खटले जिंकण्यासाठी नसतातच, समोरच्याचा खिसा रिकामा करण्यासाठी असतात, यावर त्यानं पूर्ण भाग केला आणि शेवटी मरे यांच्या नावानं नाचगाण्याचा भलामोठा जलसा. त्यातलं धृपद इथे छापण्याजोगं नाही.

हा सगळा खर्च वाहिनीच्या खात्यावर. पदरमोडीची गोष्ट वेगळी. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी धनिक मित्रांकडून घेतलेल्या महागड्या सहली आणि भेटी 2023 पासून गाजत होत्या. मित्राच्या कर्जावर घेतलेली त्यांची आलिशान मोटारगाडी, जिच्यात माणूस अख्खा संसार थाटू शकतो, तीही चर्चेत होती. फेब्रुवारी 2024 मध्ये ऑलिव्हरनं त्यांच्यापुढे करारपत्र ठेवलं: 30 दिवसांत राजीनामा द्या, मी तहहयात दरवर्षी 10 लाख डॉलर देईन, वर 24 लाख डॉलरची नवी मोटारगाडी. पैसे एचबीओचे नव्हेत, माझे, हेही बजावून सांगितलं. पदावर असलेल्या न्यायाधीशाला राजीनाम्यासाठी टीव्हीवरून पैसे देऊ करणं कायद्यात बसतं, हे तज्ज्ञांना विचारून घेतलं होतं. मुदत टळली, थॉमस जागचे हलले नाहीत, आणि ऑलिव्हरच्या घरी बहुधा कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

पण मला सगळ्यात आवडतो तो व्यवहार 2018 चा. रसेल क्रो या नटानं घटस्फोटानंतर सिडनीत आपल्या चीजवस्तूंचा लिलाव मांडला. ऑलिव्हरच्या कार्यक्रमानं त्यातून 'सिंड्रेला मॅन' चित्रपटातला त्याचा लंगोट (तिकडे त्याला जॉकस्ट्रॅप म्हणतात) सुमारे 7,000 डॉलरला घेतला आणि अलास्कात धापा टाकत तग धरून असलेल्या 'ब्लॉकबस्टर'च्या व्हिडिओ दुकानाला, गिऱ्हाईक खेचायला म्हणून, देऊन टाकला. क्रोनं आलेला पैसा ऑस्ट्रेलियातल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या इस्पितळाला दिला. तिथं क्लॅमिडिया या गुप्तरोगानं आजारी कोआलांसाठी कक्ष उघडला. त्याला नाव दिलं जॉन ऑलिव्हरचं.

त्याच्या नावाची अशी दुसरीही वास्तू आहे. 2020 मध्ये त्यानं कनेक्टिकटमधल्या डॅनबरी शहराला उगाच शिव्या दिल्या. महापौर चिडले आणि म्हणाले, आमच्या सांडपाणी प्रकल्पाला याचं नाव देतो. ते थट्टा करत होते, पण ऑलिव्हर हटूनच बसला: खरंच द्या, मी 55,000 डॉलर दान देतो. नगरपरिषदेनं 18 विरुद्ध 1 मतानं ठराव केला आणि फीत कापायला हा गृहस्थ रासायनिक संरक्षणाचा पोशाख घालून हजर.

नोव्हेंबर 2025 मध्ये त्यानं स्वतःच लिलाव मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी संसदेनं सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठी मंजूर असलेले 110 कोटी डॉलर परत काढून घेतले होते आणि लहान गावांतली केंद्रं अडचणीत आली होती. त्यांच्या मदतीसाठी कार्यक्रमाच्या गोदामात वर्षानुवर्षं साठलेलं विनोदी भंगार बाहेर निघालं. सोबत बॉब रॉस या चित्रकाराचं एक चित्रही होतं. रॉसनं अनेक वर्षं सार्वजनिक टीव्हीवरच लोकांना रंगवायला शिकवलं. ते एक चित्र 10 लाख डॉलरच्या वर गेलं. एकूण जमले 15 लाखांच्या आसपास. तुटलेल्या शंभर रुपयांमागे साधारण चौदा पैसे.