राजपुत्राची पुणे-मुंबई वारी

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ मधला गाजलेला गेम नव्या रूपात आणत असल्याचं जाहीर केलं. काम सोपवलं होतं पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंवर. पुण्याचा स्टुडिओ कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतलेला, मुंबईचा २०१८ मध्ये उघडलेला. परदेशात आखलेल्या गेमना हातभार लावायचा, जुने गेम नव्या यंत्रांवर चढवायचे, ही इथली सवयीची कामं. या खेपेला सूत्रंच इथे आली. शिवाय मूळ गेमची गोष्टही सुरू होते हिंदुस्थानात! इराणचा राजपुत्र बापाबरोबर एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो आणि काळ मागे फिरवणारी कट्यार पटकावतो. पुढे त्याला साथ देणारी फराह त्याच महाराजाची मुलगी.

पण पहिली झलक दिसली आणि जगभरचे चाहते तुटून पडले. चेहरे मेणाचे वाटतात, चित्रं दहा वर्षं जुनी दिसतात, असा गिल्ला झाला. २१ जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर गेली, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं, म्हणजे २००३ चा गेम जिथे जन्मला त्या स्टुडिओकडे. तिथेही ते तडीस गेलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने गेमच रद्द केला. त्यामुळे सगळं खापर पुणे-मुंबईवर फोडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

गंमत म्हणजे, ज्याच्या चेहऱ्यावरून एवढं रामायण झालं, त्या राजपुत्राला मुळात धड चेहराच नव्हता. १९८९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावरच्या पहिल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त तो अवतरला तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली एक चिमुकली आकृती होती. तो गेम घडवणाऱ्या जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, मोकळ्या पार्किंगमध्ये धावायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीवर चित्र थांबवून थांबवून फोटो काढले, काळ्या मार्करने बाह्यरेषा गिरवल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ चा एरॉल फ्लिनचा रॉबिन हूडपट धुंडाळला. म्हणून तो राजपुत्र धावताना एकदम थांबत नाही, पाय घसरत थांबतो. कठड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या अंगाचं वजन आपल्या बोटांना कळतं.

आमच्या धामणगाव बढ्याकडच्या पोरांना हा 'प्रिन्स' भेटला तो कॉम्प्युटर क्लासमध्ये. मोताळा, मलकापूर, बुलढाणा, जिथे क्लास तिथे कुठल्यातरी जुन्या मशीनवर 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' हे गेम असायचेच. सर चहाला गेले की एक जण की-बोर्डवर आणि चार जण खांद्यावरून सूचना द्यायला. राजकन्या सोडवायला गेममध्ये साठ मिनिटं मिळतात. विदर्भातल्या भारनियमनाला साठ मिनिटांचं काय कौतुक! तिसऱ्या टप्प्यापासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ जपून ठेवता येतो, हे ज्याला ठाऊक तो क्लासमधला शहाणा.

या गेमचा सगळ्यात भारी भाग मात्र टंचाईतून आला. मशीनच्या तुटपुंज्या मेमरीत शत्रूची वेगळी चित्रं मावेनात. मेकनरने राजपुत्राचंच चित्र एक घर सरकवून त्याच चित्रावर ठेवलं. जिथे जुळलं तिथे पुसलं गेलं आणि उरली लकाकणारी सावली. चौथ्या टप्प्यात आरसा आडवा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारली की दुसऱ्या बाजूने ही सावली निसटते. पुढे ती आपलं औषध पिऊन टाकते, तोंडावर दार लावून खाली पाडते. शेवटी समोरासमोर येते तेव्हा आपण तलवार चालवली की घाव आपल्यालाच बसतो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत गेलं की दोघं एक होतात, आणि पुढच्या पोकळीत पाऊल टाकताच पायाखाली फरशी उमटत जाते. हे कोणी सांगत नाही. खेळणाऱ्याला स्वतःच सुचावं लागतं.

पुनरुज्जीवन करायचं तर हे अंगाचं वजन आणि ही युक्ती सांभाळायला हवी, कातडीचा तजेला नंतर. युबिसॉफ्टच्याच माँपेलिए स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये याच मालिकेतला 'द लॉस्ट क्राउन' आणला. त्यात बाजूने दिसणारी जुनी धावपळ परत घेतली, पात्रांना फारसी बोलायला लावलं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही, आणि ती चमूही पांगली.

मूळ 'प्रिन्स' मात्र मोकळा झालाय. गेमचं संगीत रचणाऱ्या मेकनरच्या वडिलांना २०१२ मध्ये कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला. त्यातला सोर्स कोड वाचवून मेकनरने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. क्लासमध्ये चालायची त्या डॉस आवृत्तीचा चाहत्यांनी उलगडा करून तीही आजच्या संगणकांवर फुकट चालेल अशी केलीय. सुरू करताना 'प्रिन्स'पुढे 'मेगाहिट' टाईप करायची जुनी क्लृप्ती तिथे अजून चालते. मग अधिकचं चिन्ह दाबत राहायचं, मिनिटं वाढत जातात.