ढोलकपूरचा भीम : एका बालमालिकेचे बलाबल

मुलांसाठी निघणाऱ्या कार्टून-मालिकांचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होतो : त्या मुलांना बिघडवतात काय, आणि त्यांच्या नावावर दप्तरे व पाण्याच्या बाटल्या किती खपतात. त्या कथनाच्या कोणत्या परंपरेतून आल्या, त्या परंपरेतले त्यांनी काय उचलले आणि काय टाकून दिले, हा प्रश्न खरे तर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा. पण तोच तो सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात ‘छोटा भीम’ या मालिकेच्या निमित्ताने तो विचारला आहे. बंगळूरसारख्या नगरात, जेथे एकाच इमारतीत मराठी, कन्नड, तमिळ आणि हिंदी बोलणारी मुले हाच भीम पाहतात, हा प्रश्न अधिकच निकडीचा वाटतो.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेसाठी राजीव चिलका यांनी निर्मिलेली ही मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. राजा इंद्रवर्म्याचे ढोलकपूर, तेथला नऊ वर्षांचा भीम, त्याचे सोबती चुटकी, राजू व बोलके माकड जग्गू, आणि प्रतिस्पर्धी कालिया पहिलवान, त्याच्या पाठीशी ढोलू-भोलू ही जुळी भावंडे, एवढ्या सामग्रीवर शेकडो भाग उभे राहिले. संकट येते, कालिया फजित पावतो, भीम अडचणीत सापडतो, चुटकी लाडू पुरवते आणि शत्रू आकाशात भिरकावला जातो. २०१९ च्या ‘छोटा भीम : कुंग फू धमाका’ या चित्रपटाने हीच चौकट चीनमधल्या युद्धकला-स्पर्धेत नेऊन ठेवली. युद्धकला आणि विनोद यांचा जो संकर हाँगकाँगच्या चित्रपटांनी रूढ केला, त्याच्याशी मालिकेचे नाते तेव्हा उघडपणे जोडले गेले.

लाडवाची युक्ती पॉपायच्या पालकावरून उचलली, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य असेलही. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे घरातले सोडून परक्या अंगणात शोधणे होय. आदिपर्वात दुर्योधन भीमाला अन्नातून विष घालतो आणि गंगेत लोटून देतो. नागलोकी पोहोचलेला भीम तेथील रसाची आठ कुंडे पिऊन परततो, आणि एकेका कुंडात हजार हत्तींचे बळ असते. खाणे आणि बळ यांचा सांधा महाभारतानेच जुळवलेला आहे. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न भीम स्वतःच खात बसतो, राक्षस पाठीवर प्रहार करीत राहतो आणि हा मागे वळूनही पाहत नाही; या प्रसंगापेक्षा अधिक शुद्ध असा मारामारीतला विनोद मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे. मालिकेने ही खादाडी ओळखली, तिला मुलाच्या भुकेचे परिचित रूप दिले आणि शिक्षणाने किंवा कुळाने न मिळालेले बळ एका सामान्य घरच्या मुलाच्या हाती सोपवले. आयात मालिकांच्या गर्दीत तिला यश मिळाले ते यामुळे, असे मानण्यास जागा आहे.

मात्र याच आदिपर्वात दुसरा एक भीम आहे, आणि त्याला ढोलकपुरात प्रवेश नाही. कौरव मुले फळांसाठी झाडावर चढली की हा बुंध्याला लाथ घालून फळांबरोबर त्यांनाही खाली पाडतो; पोहताना दहादहा जणांना कवेत घेऊन पाण्याखाली दाबून धरतो. हे द्वेषाने नव्हे, पोरपणाने, असे व्यास आवर्जून नोंदवतात. पण दुर्योधनाच्या मनात वैराची पहिली ठिणगी येथेच पडते. बळ निरागस असूनही दुसऱ्याला इजा करते, आणि त्या इजेचे परिणाम पुढे अठरा दिवसांच्या युद्धापर्यंत पोहोचतात. मालिकेने या एका मुलाचे दोन तुकडे केले आहेत. बळ आणि सौजन्य भीमाला दिले. दांडगाई, हेवा आणि फुशारकी कालियाला दिली. लाडवांवर जाणारा हात सोडला तर हा भीम निर्दोष आहे, आणि म्हणूनच तो कथेच्या दृष्टीने काहीसा निर्जीव आहे. विनोदाचा सगळा भार कालियावर पडतो. हसू येते ते नेहमी हरणाऱ्याचे, आणि जिंकणारा कधीच हास्यास्पद होत नाही.

येथे कन्नड परंपरेचे स्मरण उपयोगी ठरेल. दहाव्या शतकाच्या अखेरीस रन्नाने ‘साहसभीमविजय’ अर्थात ‘गदायुद्ध’ रचताना आपल्या आश्रयदात्या चालुक्य राजपुत्राला भीमाच्या जागी कल्पिले. नायकाचा गौरव करणे हे त्याचे घोषित प्रयोजन होते. तरीही त्याचा दुर्योधन क्षुद्र झाला नाही. उलट त्याच्या एकाकीपणाला लाभलेली उंची हीच त्या काव्याची कीर्ती ठरली. मराठीत खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील भीम तर राजकीय असंतोषाचा वाहक बनला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. भीमाला नायक करणे म्हणजे त्याला सपाट करणे नव्हे, याचे हे दोन पुरावे आहेत. मुलांसाठी लिहिताना सुलभीकरण अटळ असते हे मान्य. पण मुलांना स्वतःची दांडगाई चांगली ठाऊक असते, आणि ती नायकात दिसली तर ती बिचकतील, ही भीती मोठ्यांची आहे.

युद्धकलेच्या अंगाने पाहता मालिकेची उणीव अधिक ठळक होते. कुंग फू विनोदाचा आत्मा शिकण्यात असतो. जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) आठवावा : गुरूकडून होणारे हाल, अवघडलेले शरीर आणि हळूहळू आलेले कौशल्य, हाच तेथला विनोद. योगायोग असा की ‘छोटा भीम’ सुरू झाली त्याच वर्षी ‘कुंग फू पांडा’ हा अमेरिकन चित्रपट आला आणि त्याचा नायकही खादाडच. परंतु तेथे गुरू शिफू शिष्याच्या भुकेलाच शिक्षणाचे साधन करतो. मोमोसारख्या एका उंडीसाठी पांडा झुंजतो, ती मिळवतो, आणि मग भूक नसल्याचे सांगून परत करतो. एका ठिकाणी खाद्य हे साधनेचे निमित्त आहे, दुसऱ्या ठिकाणी साधनेची जागाच खाद्याने घेतली आहे. चीनला पोहोचण्यापूर्वीच अजिंक्य असलेल्या मुलाला कुंग फू शिकवणार तरी काय?

हा दोष देशी परंपरेचा नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आमच्या तालमीत ‘खुराक’ हा शब्द ‘मेहनत’ या शब्दावाचून उच्चारला जात नाही. जोर-बैठका न मारता दूध-तूप पिणारा पोर वस्तादाच्या थट्टेचा विषय होतो. बाराव्या शतकात कल्याणच्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण लिहिले, त्यात ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशा मल्लांच्या श्रेणी सांगून त्यांच्या आहाराबरोबर सरावाचाही तपशील दिला. ते कल्याण आज बिदर जिल्ह्यात, मराठी-कन्नडच्या सीमेवर आहे. कोल्हापूरची तालीम आणि जुन्या म्हैसूरची गरडी ही दोन्ही नावे ज्या मुलांच्या घरात अजून ऐकू येतात, त्यांच्या मालिकेत ‘पहिलवान’ हे बिरुद फक्त फजित होणाऱ्या पात्राला मिळावे, हे मला खटकते. त्या पात्राचे नाव काळेपणावरून ठेवले जाणे, आणि लढण्याची उमेद असलेल्या चुटकीच्या वाट्याला बहुतेक वेळा लाडू पुरवण्याचेच काम येणे, ही त्याच दुर्लक्षाची आणखी दोन रूपे.

बंगळूरच्या संदर्भात एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. पांडाच्या निर्मात्या ड्रीमवर्क्ससाठी टेक्निकलर कंपनीच्या बंगळूर येथील कलाशाळेत अनेक वर्षे काम चाले. ‘पुस इन बूट्स’ (२०११) या चित्रपटाचा काही भाग येथेच घडला. २०२५ च्या फेब्रुवारीत ती कंपनी कोसळली आणि ही शाळाही बंद पडली. तंत्र या शहरात होते, कथा बाहेरून येत होत्या. ‘छोटा भीम’चे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथे आहे : कथाही येथली आणि तंत्रही येथले, असा प्रयोग शेजारच्या हैदराबादने करून दाखवला व तो दीर्घकाळ टिकवला. तिच्या उणिवांची चर्चा करावीशी वाटते ती तिचे हे कर्तृत्व मान्य असल्यामुळेच.

याच संस्थेने २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मायटी लिटल भीम’ ही मालिका आणली. तिच्यातला भीम रांगता आहे, त्याला बोलता येत नाही, आणि संवाद नसल्याने भाषांतराचा प्रश्नच उरत नाही. आपले बळ किती आहे हे या बाळाला माहीत नसते. तो खेळायला जातो आणि वस्तू मोडतात, खाऊ शोधतो आणि घर उलथेपालथे होते. शत्रू नसतो, विजय नसतो, गोंधळ तेवढा असतो. वाघाच्या भीतीने कुंती दचकून उठली तेव्हा तिच्या मांडीवरून खाली पडलेल्या तान्ह्या भीमाच्या आघाताने शिळेचा चुरा झाला होता. ढोलकपूरच्या नऊ वर्षांच्या नायकापेक्षा हे न बोलणारे मूल त्या शिळेच्या कितीतरी जवळचे आहे.