उरलेलं मटण, आळणी रस्सा आणि व्हिएतनामी वाडगा

कंदुरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला लख्ख आठवते. पाहुणे पहाटेच्या एसटीनं निघून गेलेले, अंगणाच्या कोपऱ्यात पत्रावळींचा ढीग, आणि चुलीवर कालच्या मटणाचं पातेलं जसंच्या तसं, वर तेलाचा थर धरलेलं. नवसाच्या जेवणाला माणसं किती येतील याचा अंदाज कधीच बरोबर यायचा नाही. किलो-दीड किलो मटण हमखास उरायचं. मग घरातलं मोठं कुणीतरी म्हणायचं, "एक उकळी काढा, काही होत नाही." आणि आम्ही ज्वारीची भाकर चुरून ते खायचो.

परभणी जिल्ह्यात कंदुरी आहे, आखाड आहे, बकरी ईद आहे, रविवार तर आहेच. उरलेल्या मटणाचा प्रश्न घरोघरी पडतो. गेली काही वर्षं मी त्यातून व्हिएतनामी पद्धतीचं रात्रीचं जेवण करते. पातळ, स्वच्छ रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया, वर हिरवा पाला, लिंबू, मिरची. कुणाला सांगितलं की दोन प्रकारच्या शंका येतात. निम्म्या शिळ्या मटणाबद्दल, निम्म्या व्हिएतनामबद्दल. दोन्हींत तथ्य थोडं आणि ऐकीव गोष्टी जास्त. शिळ्या मटणापासून सुरुवात करते, कारण तिथली चूक नुसती चव नाही, तब्येतही बिघडवते.

"उकळी काढली की शिळं ताजं होतं."

होत नाही. उकळीनं जिवंत जंतू मरतात हे खरं. पण मटणाच्या मोठ्या पातेल्यात ज्याची खरी भीती, तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात शिजवण्यातूनही तगून राहतो. मटण शिजलं, माणसं जेवली, पातेलं चुलीवरच राहिलं, की रस्सा हळूहळू निवायला लागतो आणि हे बीजाणू जागे होतात. त्यांची सगळ्यात जोमदार वाढ ४३ ते ४७ अंश सेल्सियसला होते. त्या तापमानाला त्यांची संख्या दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकते. आता मे महिन्यातली परभणीची दुपार आठवा. हवेचाच पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरात पातेलं या पट्ट्यातून निदान खाली तरी उतरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते तासन् तास तिथंच अडकून राहतं. असं मटण नीट गरम न करता खाल्लं, तर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. लोक मग "मटण जड पडलं" म्हणतात.

दुसरा जंतू आपल्या हाताचा. स्टॅफिलोकोकस त्वचेवर, नाकात, चिघळलेल्या जखमेत असतो. वाढताना, बोट्या निवडताना तो मटणात उतरतो आणि उबेत विष तयार करतो. ते विष उकळीनं नष्ट होत नाही. जंतू मरतो, विष राहतं. उरलेल्या भाताची गोष्टही अशीच आहे. बॅसिलस सीरियस हा जंतू बाहेर राहिलेल्या भातात उलट्या घडवणारं विष सोडतो आणि ते कितीही परतलं तरी टिकतं. म्हणून प्रश्न उकळीचा नाहीच, मधल्या तासांचा आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. परभणीत तो वर्षातले कितीतरी महिने लागू पडतो.

"वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे" हाही असाच जुना समज. आंबूस वास आणणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे बहुतेकदा वेगळे. हळद, लसूण, काळा मसाला जंतूंची वाढ थोडी रोखतात, पण रस्श्यात आपण घालतो तेवढ्यानं रात्रभराची राखण होत नाही.

"गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये."

या एका वाक्यापायी किती पातेली रात्रभर ओट्यावर राहिली असतील! पाच लिटरचं उकळतं पातेलं तसंच आत ढकलू नये हे बरोबर. त्यानं फ्रिजमधलं दूध-दही तापतं आणि पातेल्याच्या मध्यभागचा रस्सा कितीतरी तास कोमट राहतो. पण म्हणून थांबायचं नाही. मटण आणि रस्सा वेगळे करायचे, उथळ डब्यांत किंवा परातीत दोन-तीन बोटं जाडीचे पसरायचे, परात थंड पाण्यात ठेवायची. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते. मग झाकून फ्रिजमध्ये. चार अंशांच्या खाली ते तीन-चार दिवस चांगलं राहतं. त्यापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर फ्रीजर. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर त्या मटणाचा मोह सोडावा.

"शिळ्या रस्श्याला चव जास्त" हे मात्र अर्धं खरं आहे. हाडांतलं आणि शिरांतलं चिकट द्रव्य रस्श्यात उतरून तो दाटतो, मसाला आत मुरतो. पण मांसातल्या चरबीला हवा लागून एक जुनाट, पुठ्ठ्यासारखी चवही येते, आणि ती फ्रिजमध्येसुद्धा येते. अन्नशास्त्रज्ञांनी तिला १९५८ सालीच नाव दिलं, वॉर्म्ड ओव्हर फ्लेवर. बोट्या रस्श्यात बुडालेल्या ठेवल्या की ती कमी येते, आणि आलं, लिंबू, ताजा पाला तिला झाकतात. व्हिएतनामी वाडगा मला उरलेल्या मटणासाठी इतका योग्य वाटतो, तो यामुळेच. त्याची सगळी रचनाच आंबट, तिखट आणि हिरव्या वासावर उभी आहे.

एक समज मला अधिक बोचतो. मांस पुरवून खाणं, साठवून खाणं हे कमीपणाचं आहे, असं मानणारी घरं आजही आहेत. मराठवाड्यातल्या महार आणि मांग वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायचे. त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात हा सगळा स्वयंपाक लिहून ठेवला, आणि त्याआधी मराठी पाककृतींच्या पुस्तकांत त्याला जागा नव्हती. व्हिएतनामच्या वायव्येकडच्या डोंगरात थाई समाजाचे लोक म्हशीच्या मांसाच्या पट्ट्या चुलीवर धुरात टांगून वाळवतात. तिथं तो पदार्थ मानानं पाहुण्यांपुढे येतो आणि शहरांत विकला जातो. काटकसरीची ही अक्कल दोन्हीकडे एकच आहे, मान मात्र सारखा मिळालेला नाही. (चान्या कच्च्या मांसाच्या असतात, हे इथं सांगायला हवं. शिजवलेलं मटण उन्हात घालू नये.)

आता व्हिएतनामकडे.

"त्यांचं जेवण म्हणजे डुक्कर आणि गाय, आपल्याला काय उपयोग?"

डुकराचं मांस तिथं खूप खातात, आणि फो हा प्रसिद्ध पदार्थ गाईच्या हाडांवर किंवा कोंबडीवर होतो, हे खरंच आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आकाराला आला. म्हणून आपल्या मटणाच्या वाडग्याला मी फो म्हणत नाही. पण हनोईच्या दक्षिणेला निन्ह बिन्ह नावाचा प्रांत आहे. तिथले चुनखडीचे डोंगर आणि त्यांवर चरणाऱ्या शेळ्या प्रसिद्ध आहेत, आणि बोकडाचं मांस हीच तिथली ओळख आहे. आणखी दक्षिणेला, सायगावमध्ये, बोकडाची 'का-री' मिळते. ती तमिळ व्यापाऱ्यांनी आणि दक्षिण भारतीय मुसलमानांनी फ्रेंच राजवटीत तिथं नेलेल्या करीतून रुजली. आपल्या उस्मानाबादी शेळीचं मटण तिथल्या स्वयंपाकघरात अजिबात परकं वाटणार नाही.

"साहित्य आपल्याकडे मिळत नाही."

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो खोडायला मला सगळ्यात जास्त आवडतं. फोच्या रस्श्यात काय असतं? चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे. काळ्या मसाल्याच्या डब्यातली मंडळीच ही. चक्रीफूल तर मुळात चीनच्या नैर्ऋत्येचं आणि व्हिएतनामच्या ईशान्येचं. तिथला लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या आज्या ते बाद्यान म्हणून कुटत होत्या. कांदा आणि आलं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं, ही फोची खूण आहे. आपणही वाटणाचा कांदा असाच भाजतो. फरक इतकाच की आपण तो वाटून घालतो, ते अख्खा घालून नंतर गाळून काढतात.

व्हिएतनामी स्वयंपाकातलं 'सा' म्हणजे आपला गवती चहा. आपण पात चहात टाकतो आणि खालचा जाड पांढरा बुंधा फेकून देतो. ते नेमका तोच बुंधा ठेचून वापरतात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं ते बेट उद्या या नजरेनं पाहा. वाडग्यावर घालायची सुगंधी तुळस म्हणजे सब्ज्याच्या जातीचंच झाड. सब्ज्याचं बी कुंडीत पेरलं की महिन्या-दीड महिन्यात पानं हाताशी येतात. मोड मुगाचेच असतात, फक्त ते चार-पाच दिवस अंधारात लांब वाढवतात. आपले आखूड मोडही चालतात. ते मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढावेत, कारण कच्च्या मोडांतूनही पोट बिघडू शकतं. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट यांबद्दल सांगायलाच नको. तांदळाच्या वाळलेल्या शेवया आता किराणा दुकानात पाकिटात मिळतात. नाही मिळाल्या तर ताजा भात घ्या, तोही अस्सल व्हिएतनामी.

माशाचा सॉस मात्र आपल्याकडे खरोखर नाही. छोटे मासे आणि मीठ महिनोन् महिने लाकडी पिंपात मुरवून तो करतात आणि फू क्वोक बेटाचा नावाजलेला आहे. मी आठवडी बाजारातली मूठभर सुकट कोरडी भाजते, कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळते. त्यात मीठ, लिंबू, थोडा गूळ, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घालते. ही सॉसची नक्कल नाही, पण त्याचं काम करते.

खरी गुरुकिल्ली आपल्याच पद्धतीत आहे: आळणी. मटणाला वाटण लावायच्या आधी आपण ते हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवतो आणि ते पाणी लेकरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला वाटीत देतो. व्हिएतनामी रस्सा म्हणजे मुळात हेच आळणी, फक्त मसाल्याचा वास लावलेलं आणि गाळलेलं. म्हणून उरण्याची वाट पाहू नका. रविवारी मटण शिजलं की वाटण घालण्याआधीच चार-सहा बोट्या, दोन नळ्या आणि लिटरभर आळणी बाजूला काढा, निववा, फ्रिजमध्ये ठेवा. सोमवारचं रात्रीचं जेवण तिथंच निम्मं झालं.

सोमवारी आळणीवर गोठलेली चरबी चमच्यानं उचलून टाका. एक मोठा कांदा आणि दोन बोटं आलं गॅसवर काळं होईपर्यंत भाजा, वरची राख पुसा. दोन चक्रीफुलं, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा, एक मसाला वेलची, चमचाभर धणे कोरडे भाजून घ्या. हे सगळं आळणीत घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा, मग गाळा. मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला. मटण गार असतानाच हाडापासून सोडवून धाग्याला आडवं, पातळ कापा. गार मटणाचे काप सुरेख पडतात, गरम केलं की त्याचा चुरा होतो.

इथं एक सूचना महत्त्वाची. परदेशी चित्रफितींत कच्च्या मांसाचे काप वाडग्यात ठेवून वरून उकळता रस्सा ओततात. ते पाहून फ्रिजमधलं गार मटण वाडग्यात ठेवाल, तर रस्सा कोमट होईल आणि मटणही नीट तापणार नाही. काप रस्श्यातच टाका आणि दोन-तीन मिनिटं खळखळून उकळू द्या. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवून पुन्हा गरम करू नका. लागेल तेवढंच काढा.

वाटण घातलेला रस्साच उरला असेल तर? तेव्हा फोचा नाद सोडून सायगावच्या का-रीकडे वळा. वरची तर्री काढा, रस्सा थोडा पातळ करा, गवती चहाचे दोन ठेचलेले बुंधे आणि रताळ्याच्या फोडी टाका. फोडी शिजल्या की वाटीभर नारळाचं दूध घालून एक उकळी आणा. बरोबर भाकर नको, पाव घ्या. तिकडेही फ्रेंचांनी आणलेला पावच खातात. आणि अगदी चार बोट्याच उरल्या असतील तर त्यांचे तुकडे तव्यावर कडक गरम करून पावात भरा. सोबत लिंबू, साखर, मिठात तासभर मुरवलेला गाजर-मुळ्याचा कीस आणि कोथिंबिरीच्या काड्या. बान्ह मी म्हणून जगभर गाजलेला पदार्थ याच जातीचा आहे.

पाला कधीही रस्श्यात शिजवू नका. तो धुऊन, निथळून ताटलीत मधोमध ठेवा, शेजारी लिंबाच्या फोडी, मिरच्या, सुकटीचं पाणी. ज्यानं त्यानं आपल्या वाडग्यात हवं ते तोडून टाकायचं. आमच्याकडे लेकरं पुदिना बाजूला सारतात, घरातली म्हातारी मंडळी मिरची वाढवून घेतात आणि शेवटचा रस्सा वाडगा तोंडाला लावून पितात, आळणी प्यायची तसाच.