भाजल्यानंतरचा दुसरा धोका

काही वर्षांपूर्वी चुलीवर भाजलेल्या एका बाईंना म्हसावदच्या माझ्या दवाखान्यात आणले होते. छाती, पोट, दोन्ही हात भाजलेले आणि वर टूथपेस्ट थापलेली. प्राथमिक उपचार करून मी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. चौथ्या दिवशी त्या चांगल्या बोलू लागल्या, तेव्हा सासरे माझ्याकडे आले. "डॉक्टरसाहेब, आता घरी आणू का?" मी साफ नाही म्हटले. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, जखमेतून हिरवट पू येऊ लागला. रुग्णालयात होत्या म्हणून वाचल्या.

असे का होते? त्वचा ही शरीराची तटबंदी. ती जळाली की जंतूंना वाट मोकळी होते. पण मोठ्या माणसाची सुमारे २० टक्क्यांहून अधिक त्वचा खोल भाजली, तर आतली फौजही दुबळी पडते. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण १ टक्का, असा अंदाज घ्यावा. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना नीट मारू शकत नाहीत. जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात. शरीरातील प्रथिनेही झपाट्याने झिजतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस निभावलेला रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने दगावू शकतो.

म्हणून भाजल्याबरोबर त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, बर्फ नको. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा. स्वच्छ फडक्याने जखम झाका. शाई, शेण, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांनी परवानगी दिली की दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे भरपूर द्या. अशा वेळी पथ्य म्हणून उपाशी ठेवणे घातक आहे. आपल्याकडे सारी भावकी भेटायला लोटते. ती माया बाहेरूनच दाखवावी. जवळ एकानेच, हात साबणाने धुऊन बसावे. ताप, अंग गार पडणे, बरळणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर तत्काळ डॉक्टरांना सांगा.

मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली त्वचा अशा जखमांवर तात्पुरते पांघरूण म्हणून घालता येते आणि जंतूंची वाट अडवता येते. नेत्रदानाची चर्चा घरी होते, तशी याचीही व्हावी.