गोष्ट कुणी सांगायची?

ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ साली आलं आणि कथेचं तंत्र शिकता येतं हे मराठीत ठामपणे मांडलं गेलं. पुढे नवकथाकारांनी त्या तंत्राची चौकट मोडली, पण गोष्ट कुणाच्या तोंडून सांगायची हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. नव्यानं लिहिणाऱ्यानं आधी तोच हाताळावा असं मला वाटतं. शेवटाची कलाटणी मागाहून बघता येते.

एक प्रसंग घेऊ. शिवणकाम करून घर चालवणारी विधवा बाई आपलं शिलाई मशीन विकते आहे. घरात दहा वर्षांची मुलगी आहे, दारात गिऱ्हाईक.

आईच सांगू लागली तर देणी, जागरणं सगळं कळेल. पण ती आपलं दुःख समजावत बसण्याचा धोका असतो आणि मग वाचकाला ओळखण्याजोगं काही उरत नाही. 'मी' म्हटलं की स्वतःविषयीच बोलायला हवं असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधला 'मी' बाजूला उभा राहून दुसऱ्याला पुढे येऊ देतो.

आता गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघा. मशीनच्या फळीवर कोपर टेकून टेकून एका जागचं पॉलिश उडालंय. त्याला ती खोट दिसते, तो दोनशे रुपये कमी करायला सांगतो. त्या डागात किती वर्षं आहेत, हे त्याला ठाऊक नाही, वाचकाला कळतं.

मुलीला तर आनंदच झालाय, खिडकीखालची जागा आता तिला मिळणार! इथे निवेदक वाचकापेक्षा कमी जाणतो आणि कथा आपोआप खोल होते. मात्र दहा वर्षांच्या मुलीला 'मी' म्हणून पाच पानं बोलायला लावणं अवघड. त्यावर उपाय म्हणजे 'ती' असं लिहायचं, पण नजर तिचीच ठेवायची. 'चाकावर ऊन पडलं होतं' हे तिला दिसेल. 'आईच्या चेहऱ्यावर विषण्णता दाटली' हे लेखकाचं वाक्य, ते तिथे चालणार नाही.

सगळ्यांची मनं जाणणारा निवेदकही घेता येतो. लहान कथेत मात्र या मनातून त्या मनात उड्या मारल्या की वाचक कुणाजवळच थांबत नाही.

हाच प्रसंग तिन्ही बाजूंनी पानपानभर लिहून काढा. मग पेन्सिल घेऊन निवेदकाला कळणंच शक्य नाही ती वाक्यं खोडा. मुलीच्या पानावरून 'आईला भडभडून आलं' गेलं. राहिलं ते एवढंच: आईनं सकाळी मशीनला तेल घातलं, आणि स्वतः शिवलेलं त्याचं कव्हर घडी करून ट्रंकेत ठेवलं.