नऊ एकांचा वर्ग

चौकटीच्या वहीत १११११११११ लिहून त्याखाली पुन्हा तीच संख्या मांडली आणि गुणाकार सुरू केला. नऊ आडव्या ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ अशा चढत मधल्या रकान्यात ९ वर पोचतात आणि तशाच उतरतात. एकदाही हातचा येत नाही. उत्तर सतरा अंकी: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले असते, तर मधे हातचा आला असता आणि हा चढ-उतार मोडला असता.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, त्या ज्या रेल्वे स्टेशनावर सुचल्या त्याच्या नावावरून. या संख्येची पुढची ओळखही कागद-पेन्सिलीनेच करून घ्यायची ठरवली. तसंही स्प्रेडशीट पंधराच अंक राखते. शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं टाकते.

विषम, पूर्ण वर्ग, उलटी वाचली तरी तीच. एवढं बघताक्षणी कळतं. अवयव पाडणं कष्टाचं. १११११११११ ला ९ ने भागलं: १२३४५६७९. त्याला ३७ ने: ३३३६६७. ही मूळ संख्या आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, आणि तिथवर १०६ मूळ संख्या. पण ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला नि:शेष भाग जातो. त्यामुळे ३ आणि ३७ वगळता, १८ ने भागल्यावर १ उरतो अशीच मूळ संख्या तिचा अवयव असू शकते. ३ ने भाग जात नाही, ३७ ने बाकी १. उरले फक्त सोळा भागाकार. १९ ने बाकी ८. ३०७ ला बाकी शून्य आली तेव्हा छातीत धस्स झालं. पुन्हा केला, बाकी २६५. शेवटचा ५७७, बाकी १६१. मूळच!

म्हणजे आपली संख्या तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ म्हणजेच तीनचा चौथा घात. स्वतःच्या अंकबेरजेने नि:शेष भागली जाणारी, म्हणून कापरेकरांची ‘हर्षद’.

राहिली ‘स्वयंभू’. २१ मध्ये त्याचेच अंक २ आणि १ मिळवले की २४ येतात. २१ हा २४ चा जनक. ज्या संख्येला जनकच नाही, ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. आपल्या संख्येचा जनक शोधताना फक्त शेवटचे तीन अंक बदलू शकतात. आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५, आणि जनकाची अंकबेरीज ९ च्या पटीतच हवी. उमेदवार तीन: ८१, ९०, ९९. ८१ वजा केले, शेवट २४० झाला. ७५ आणि ६, बरोबर ८१! ९० आणि ९९ जमत नाहीत. एकुलता एक जनक मिळाला: १२३४५६७८९८७६५४२४०.

वही मिटणार होतो, पण राहवेना. या जनकाचा जनक कोण? तेच तीन उमेदवार. ८१ वजा केले तर शेवट १५९, अंकबेरीज ९०. ९० वजा केले तर १५०, बेरीज ८१. ९९ ला १४१, पुन्हा ८१. तिन्ही वेळा हुकलं. त्याच्या मागे कोणीच नाही. स्वयंभू तो निघाला.